ठाण्याच्या खाडीत होडीला विजेची मोटार: खरेदीआधी पाणी मोजा

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती पौंडाची मोटार पाहिजे?' पौंड म्हणजे मोटार होडीला किती जोराने ढकलते त्याचं माप. नवा माणूस तिथेच अडकतो आणि खिशाला परवडेल ती उचलतो. मोटार सगळ्यात शेवटी ठरवायची वस्तू आहे. त्याआधी पाणी, होडी आणि बॅटरी, याच क्रमाने हिशेब करायचा. हा लेख 12 ते 16 फुटी होड्यांसाठी आहे: फायबरची होडी, लाकडी होडकं किंवा हवा भरायची रबरी बोट, दोन-तीन माणसं, वेग चालत्या सायकलीपेक्षा कमी. पाण्यावर उसळत पळणारी बोट हवी असेल तर तिला कितीतरी किलोवॉट लागतात आणि बॅटरीचं वजनच होडी दाबून टाकतं. तो वेगळा विषय आहे.

पहिली पायरी: कोणत्या पाण्यात?

ठाण्यातला तलाव आणि ठाण्याची खाडी यांना एक मोटार चालत नाही. तलावात पाणी गोडं आणि स्थिर. खाडीत पाणी खारट, तळाला चिखल आणि दिवसातून चार वेळा दिशा बदलणारा प्रवाह. गोड्या पाण्याची मोटार खाडीत पहिल्या दिवशी उत्तम चालते, म्हणून लोक फसतात. मग स्क्रू गंजतात, रंग फुगतो, सीलमधून पाणी आत शिरतं आणि हंगाम संपायच्या आत मोटार जाम होते. बऱ्याच कंपन्या दोन्ही पाण्यांसाठी वेगळी मालिका काढतात. मिन कोटाचंच उदाहरण घ्या: एन्ड्युरा गोड्या पाण्यासाठी, रिपटाइड खाऱ्या पाण्यासाठी. मोटार कोणत्याही नावाची असो, मॅन्युअलमध्ये 'सॉल्टवॉटर' असं छापलेलं असल्याशिवाय खाडीसाठी घेऊ नका. विक्रेत्याचं 'चालेल हो' इथे उपयोगाचं नाही. उलट दिशेने मात्र अडचण नाही, खाऱ्या पाण्याची मोटार तलावात खुशाल चालते.

आता प्रवाह. भरती-ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटते, पण पाणी सगळा वेळ सारखं धावत नाही. सहा तासांचा ढोबळ नियम असा: पहिल्या तासात एकूण चढ-उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत सरकतं आणि ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ भांगापेक्षा, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या पाण्यापेक्षा, बरीच जोरदार असते. पूर्ण भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा आकडा मुंबईच्या बाजूचा. खाडीत जसजसे आत ठाण्याकडे याल तसा उशीर होत जातो. मोबाइलवरचा तक्ता मुंबई बंदराचा असेल तर तोही तसाच सरकवून वाचायचा. किती सरकवायचा ते दिवाळे, वाशी किंवा चेंदणीच्या कोळीवाड्यातला जाणता माणूस तुम्हाला कोणत्याही ॲपपेक्षा नेमकं सांगेल.

प्रवाहाचा वेग स्वतः मोजा. जेट्टीच्या कडेने 20 मीटर अंतर दोरीने आखून घ्या. प्लास्टिकची बाटली अर्धी पाण्याने भरा, बारीक दोरा बांधा म्हणजे परत ओढता येईल, आणि सोडून द्या. 20 मीटर जायला किती सेकंद लागले ते पाहून 72 ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं: 20 सेकंद लागले तर 3.6, 30 लागले तर 2.4. हे उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात मोजायचं, कारण मोटार त्याच वेळेला कमी पडते. कडेपेक्षा मधल्या धारेत ओढ जास्त असते हेही धरून चाला.

परवानगीचं आधीच पाहा

वल्ह्याची होडी आणि यंत्राची होडी यांत कायदा फरक करतो, आणि विजेची मोटार यंत्रातच मोजली जाते. 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आणि नोंदणी याबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारा; होडी मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागातही. ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यानच्या खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं. तिथे स्वतःची होडी नेण्यापूर्वी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्यावी लागते. मोटारीचा आवाज होत नाही, धूर येत नाही, ही सबब तिथे चालत नाही. उपवन किंवा मासुंदा तलावात घरची होडी उतरवायची असेल तर आधी महापालिकेत विचारा.

दुसरी पायरी: होडीला किती जोर लागतो

सोपा नियम असा की एकूण वजनाच्या दर 45 किलोंमागे किमान 2 पौंड जोर, म्हणजे थ्रस्ट. एकूण वजनात होडी, माणसं, बॅटरी, नांगर, डबे, पाणी सगळं आलं. 14 फुटी फायबरची होडी 130 किलो, तीन माणसं 210, बॅटरी आणि सामान 60 धरलं तर 400 किलो. 400 भागिले 45, गुणिले 2, म्हणजे जेमतेम 18 पौंड. हा आकडा तलावातला, वारा पडलेला असतानाचा. त्यावर खाडीत जाऊ नका.

याहून भरवशाची रीत आहे, आणि ती करणारे थोडे आहेत. प्रवासी बॅगा तोलायचा डिजिटल काटा घ्या. तुमची होडी माणसांसकट भरा, दुसऱ्या होडीने दोरीने ओढायला लावा आणि दोरीच्या मध्ये काटा अडकवा. स्थिर पाण्यात, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी 5 किलोमीटर धरून काट्यावर पाहा. समजा 8 किलो आलं. 2.2 ने गुणलं की साधारण 18 पौंड. आता लक्षात घ्या, मोटारीवर छापलेला जोर होडी खुंट्याला बांधून, जागच्या जागी मोजलेला असतो. होडी चालायला लागली की पंख्यात शिरणारं पाणी आधीच हलत असतं आणि जोर घटतो. म्हणून दुप्पट करा: 35. वारा आणि प्रवाहासाठी आणखी एक तृतीयांश: 47. बाजारात याच्या वरचं सहज मिळणारं माप 55 पौंड आहे. तेच घ्या.

80 पौंडाची घेतली तर वेग दीडपट होईल का? नाही होत. पाण्यातून सरकत जाणाऱ्या होडीला लांबीनुसार एक कमाल वेग असतो. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.5 ने गुणा: ताशी किलोमीटर. चार मीटरला 9. त्या वेगाजवळ होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि पुढची सगळी वीज लाट मोठी करण्यात जाते. शिवाय 55 पौंडाच्या साध्या मोटारीचा पंखाच असा असतो की अशा होडीवर ताशी 6 ते 7 किलोमीटरच्या पुढे फार जात नाही. मोठी मोटार घ्यायची ती वजन आणि प्रवाह ओढण्यासाठी.

आमचं मत असं: एकूण वजन 500 किलोंपर्यंत आणि मोजलेला प्रवाह ताशी 4 किलोमीटरच्या आत असेल तर 12 व्होल्टची 55 पौंडी मोटार पुरते. त्यापुढे 24 व्होल्ट 80 पौंड किंवा थेट 1 किलोवॉटची, 48 व्होल्टच्या घरातली मोटार पाहा. टॉर्कीडो, ईप्रोपल्शन यांच्या या वर्गातल्या मोटारींचा पंखा मोठा आणि हळू फिरणारा असतो, त्यामुळे त्याच विजेत जास्त अंतर जातं. किंमत अर्थातच कित्येक पट. 'तीन एचपीच्या बरोबरीची' असं कुणी म्हटलं तर वॉट विचारा. एक एचपी म्हणजे 746 वॉट; 12 व्होल्टवर 50 ॲम्पियर खाणारी मोटार 600 वॉट खाते, बाकी सगळं बोलणं.

तिसरी पायरी: बॅटरी

खरी रक्कम इथे जाते, आणि बहुतेक चुकाही.

होडीचा वेग दुप्पट करायचा तर वीज ढोबळमानाने आठपट लागते. हे एकच गणित नीट बसलं की बाकी सगळं सोपं होतं. 55 पौंडाची मोटार पूर्ण वेगात साधारण 50 ॲम्पियर घेते. समजा पूर्ण वेग ताशी 6.5 किलोमीटर आणि घरी परतताना 3.6 चा प्रवाह समोर आहे. होडी प्रत्यक्षात ताशी 2.9 ने सरकते. तीन किलोमीटरला तासाच्या थोडं वर, म्हणजे 52 ॲम्पियर-तास (ॲम्पियर गुणिले तास, बॅटरीतून गेलेली वीज) गेले. तेच तीन किलोमीटर पाणी थांबलेलं असताना ताशी 4.5 ने कापलं तर मोटार 17 ॲम्पियरच्या आसपास घेते आणि 40 मिनिटांत काम होतं: 11 ॲम्पियर-तास. बॅटरीवर खर्च करून जे मिळत नाही ते तक्ता पाहून निघाल्याने फुकट मिळतं. पण बॅटरी निवडताना 52 चाच आकडा धरा, कारण एखाद्या दिवशी उशीर होणारच.

ही बचत मिळायला वेग सलग कमी-जास्त होणारी मोटार हवी. पाच टप्प्यांच्या खटक्याची स्वस्त मोटार खालच्या टप्प्यांवर बरीच वीज उष्णतेत घालवते. तलावात हरकत नाही, खाडीत दोन पैसे जास्त घालून सलग नियंत्रणाची घ्या.

आता कोणती बॅटरी? घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. 150 ॲम्पियर-तासाची ही बॅटरी 50 किलोंच्या वर जाते, कलली की ॲसिड सांडतं आणि त्यात खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. गाडीची बॅटरी तर अजिबात नको. ती दोन सेकंद स्टार्टर फिरवण्यासाठी असते, खोलवर उतरवली की काही फेऱ्यांत मरते. लेड-ॲसिडच घ्यायची तर बंद, न सांडणारी डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवायला बनवलेली, घ्या. तिच्यावरचे 100 ॲम्पियर-तास 20 तासांत हळूहळू काढले तरच मिळतात. 50 ॲम्पियरने ओढलं की बरेच कमी भरतात. त्यात अर्ध्याखाली उतरवायची नाही म्हटल्यावर पूर्ण वेगात पाऊण तासही धड निघत नाही. वरच्या हिशेबातले 52 तिच्यात बसतच नाहीत.

लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट, 100 ॲम्पियर-तासाची बॅटरी 11 ते 13 किलोंची असते आणि त्यातले 80 बिनधास्त वापरता येतात. पूर्ण वेगात दीड तास. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार्जिंगला नेणाऱ्याला 12 आणि 30 किलोंतला फरक वेगळा सांगायला नको. पण तीन गोष्टी तपासा. एक, आतल्या बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आणि जास्त ओढ झाली की वीज तोडणाऱ्या सर्किटची, सलग चालणारी मर्यादा किती ॲम्पियर? 50 ॲम्पियरचा बीएमएस आणि 50 ॲम्पियरची मोटार म्हणजे नेमक्या जोराच्या प्रवाहात वीज बंद. 80 ते 100 चा हवा. दोन, चार्जर लिथियमचाच, 14.4 ते 14.6 व्होल्टचा, इन्व्हर्टरचा किंवा जुना लेड-ॲसिडचा, डिसल्फेशन करणारा (प्लेटवरचे क्षार झाडायला जादा व्होल्ट सोडणारा) चार्जर लावू नका. तीन, इ-रिक्षाचा 51.2 व्होल्टचा पॅक स्वस्तात मिळतो म्हणून 48 व्होल्टच्या मोटारीला जोडणार असाल, तर पूर्ण भरल्यावर तो 58 व्होल्टच्या वर जातो, आणि मोटारीची कमाल मर्यादा त्याहून जास्त आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा. तो पॅक जलरोधक नसतो हेही आलंच.

24 व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या मालिकेत जोडायच्या तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. त्यातल्या एकीवरून दिवा किंवा मोबाइल चार्जर चालवू नका, ती लवकर बसते आणि दुसरीलाही घेऊन बसते. लिथियम असतील तर बीएमएस मालिकेत जोडायला चालणारा आहे का, हे आधी विचारा.

चौथी पायरी: दांड्याची लांबी

होडी भरलेली असताना मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा. समजा 40 सेंटिमीटर. पंख्याचा मध्य पाण्याखाली 30 सेंटिमीटर हवा, आणि मोटार फळीला धरणाऱ्या कंसाच्या वर दांडा 15 सेंटिमीटर उरायला हवा. बेरीज 85, म्हणजे 36 इंची दांडा घ्यायचा. तो आखूड पडला तर लाटेवर मागची बाजू उठताच पंखा हवा ओढतो, घरघर होते आणि जोर नाहीसा होतो. लांब घेतला तर उथळात वर ओढून घेता येतो, म्हणून शंका असेल तिथे लांबच. रिकामी होडी मोजून दांडा घेणारे नंतर पस्तावतात.

फळी कुजकी असेल तर आधी ती बदला. जुन्या फायबरच्या होडीत आतलं प्लायवूड सडलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर समजा. कंसाचे चाप नुसते आवळून भागत नाही. मोटारीच्या हँडलमधून एक दोर होडीच्या कडीला बांधून ठेवा. चाप सैल पडून मोटार खाडीत गेली तर चिखलात ती परत सापडत नाही.

जोडणी

बॅटरी मध्यभागी, किंचित पुढे. मागे मोटार, मागे बॅटरी, मागे माणूस असं झालं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर जाते आणि वाऱ्याला होडी फिरते. म्हणजे केबल लांब होणार, आणि 12 व्होल्टला लांब केबल महाग पडते. बॅटरीपासून मोटार 3 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 6 मीटर तांबं. 10 चौरस मिलिमीटरच्या केबलवर 50 ॲम्पियरला अर्धा व्होल्ट गळतो, 16 च्या केबलवर 0.33. म्हणून 16 घ्या, टिन चढवलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं-काळं पडतं. लग, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या, हायड्रॉलिक पकडीने दाबलेले हवेत, हातोडीने ठोकलेले नकोत. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात पॅनेल बनवणारा कुणीही हे बसल्या जागी करून देतो.

बॅटरीच्या धन टोकापासून 18 सेंटिमीटरच्या आत फ्यूज किंवा ब्रेकर, 55 पौंडाच्या मोटारीला 60 ॲम्पियरचा. ब्रेकर डीसीचा पाहिजे. घरातला एसीचा एमसीबी स्वस्त असतो, पण डीसीची ठिणगी तो खात्रीने तोडू शकत नाही; आतच जळतो. पंख्यात जाळं अडकलं की मोटार जागीच थांबून भरमसाट वीज ओढते, तेव्हा हाच फ्यूज कामाला येतो.

पहिली फेरी

भांगाचा दिवस, पाणी थांबत आलेलं, वारा कमी. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या (स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात) आणि प्रत्येक वेगाला ॲम्पियर आणि जीपीएसचा वेग कागदावर लिहा. हा कागद लॅमिनेट करून बॅटरीच्या पेटीवर चिकटवा. पुढे किती उरलंय याचा अंदाज डोळ्यांनी नाही, त्यावरून बांधायचा. मोटार पाण्याबाहेर फिरवून पाहू नका, पाणीच तिला थंड ठेवतं.

जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, येताना तो मागून येईल. बॅटरीचा एक तृतीयांश खर्च झाला की वळा. वल्ही, लाइफ जॅकेट आणि खोलीच्या पाचपट दोर असलेला नांगर होडीत असल्याशिवाय दोर सोडू नका. ओहोटी अर्ध्यावर आली की खारफुटीलगतच्या उथळात घुसू नका. तिथे रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, आणि त्या चिखलात उतरून होडी ढकलण्याचा विचारही करू नका.

काय बिघडतं, कशाने

सगळ्यात जास्त वेळा पंख्यात काहीतरी गुंततं: नायलॉनचं जाळं, पिशव्या, उल्हास नदीच्या बाजूला जलपर्णी. आवाज जड झाला की लगेच बंद करा, बॅटरीची जोडणी सोडा, मगच हात घाला. पंखा कशावर आपटला की त्याची बारीक पिन मुद्दाम तुटते, मोटार वाचते. होडीत दोन जादा पिना, एक नट, एक पाना आणि पक्कड ठेवा. पिनेच्या जागी खिळा घालू नका, मग पिनेऐवजी दांडा वाकतो. बारीक मासेमारीची दोरी जास्त घातक. ती पंख्यामागे गुंडाळली जाते, दिसत नाही आणि सील कापते. महिन्यातून एकदा पंखा काढून मागे पाहा.

खाडीतून आल्यावर मोटार गोड्या पाण्याने धुवा, दाबाच्या पंपाने नाही. होडी पाण्यात उभी राहणार असेल तर मोटार वर उचलून ठेवा, नाहीतर शेवाळ आणि बार्नेकल (कवचाचे, घट्ट चिकटणारे जीव) चढतात. पंख्याजवळचा झिंकचा तुकडा मोटारीऐवजी स्वतः झिजण्यासाठी असतो. अर्धा झिजला की बदला, त्यावर रंग लावू नका. खाडीच्या मचूळ पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियमचा चालतो, मॅग्नेशियमचा फक्त गोड्या पाण्यात.

पावसाळ्यात मोटार काढून घरी आणा. लिथियम बॅटरी अर्धी-पाऊण भरलेली ठेवा, जोडण्या सोडून. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा भरायची, नाहीतर नारळी पौर्णिमेला होडी उतरवाल तेव्हा बॅटरी नवीच घ्यावी लागेल.